चार बोटांची वीत

जानेवारीत नारिनचं पाणी
नळातून बाहेर यायलाही का-कू करतं.
मी पहाटे चारला भट्टीत कोळसा ओढतो
तेव्हा कुठे आठपर्यंत पहिलीचा वर्ग
हातमोजे काढण्याइतका कोमट होतो.
आणि हातमोजे काढायलाच हवेत.
गुलबारचिनबाईंच्या वर्गात
हात झाकून काही शिकता येत नाही.

मेंढीच्या घोट्याची हाडं मोजायची, दहा-दहाचे ढीग.
उलुकमानचा ढीग दर वेळी अकराचा.
एक हाड त्याच्या खिशातलं,
घरचं, लाल रंगवलेलं, हमखास जिंकणारं.
बाई म्हणाल्या, "तेही मोज. पण बाजूला ठेवून."

एकदा बादली दाबून बर्फ भरला,
भट्टीपाशी ठेवला.
मधल्या सुट्टीत पाहतात तर निम्मंसुद्धा पाणी नाही,
वर तरंगतोय घोड्याचा एक केस.
अयजार्किन रडकुंडीला आली:
"बाकीचं कुणी प्यायलं?"
सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं.

मग तो बुधवार.
फूटपट्टी कपाटात, कपाटाला कुलूप,
किल्ली बाईंच्याच खिशात, मला ठाऊक होतं.
बाक किती लांब?
नुरझादाच्या नऊ विती.
बाएलच्या आठ.
उलुकमानच्या साडेसात,
पण तो अंगठा सरकवतो, हे सगळ्यांनी पाहिलंय.
बाईंच्या सहा.
आणि जुंपली! खिडकीच्या काचेवरचं दव
वितळून घरंगळेपर्यंत जुंपली.
"बाक एकच ना?"
"मग खोटं कोण बोलतंय?"
बाई गप्प.
ऐन वेळी गप्प बसण्याचाच
पगार घेत असाव्यात.

मी राखेची बादली घेऊन दारावरून चाललो होतो.
"सापारबेक-अता, तुमचा हात द्या!"

दिला. सवयीने उजवा.
त्याला करंगळी नाही,
ती खाणीत राहिली, मी वर आलो.
बावीस डोकी हातावर वाकली.
बाएल म्हणाला, "एक कुठे गेलं?"
"हिशेबात चुकलं," मी म्हणालो.
तो हसला नाही.
माझं मनगट धरून त्याने हात बाकावर चालवला,
नव्या शिंगराला पहिल्यांदा पूल ओलांडून नेतात तसा,
अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत, अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत.
सात, आणि थोडं.
"थोडं म्हणजे?"
"नखाएवढं."
फळ्यावर चढलं: सापारबेक, ७ विती १ नख.
याच शाळेत शिकलो मी. तेव्हाही फळ्यावर नाव असायचं,
पण त्या यादीचा मथळा वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर हात गिरवणं.
ज्याची त्याची वीत कापून भिंतीवर टांगायची,
मलाही बोलावणं.
बाएलची पेन्सिल माझ्या बोटांच्या खोबणीतून फिरली,
गुदगुल्या झाल्या, सांगितलं नाही कुणाला.
चौथं बोट उतरली, आणि हात बसलेला म्हणून
पाचव्यावर चढून खाली आली.
कापून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.
वर्ग थबकला.
नुरझादाने मुकाट्याने कात्री पुढे केली.
त्याने घेतली नाही.
पुठ्ठ्याची करंगळी तळव्यावर दुमडली,
नखाने घडी दाबली,
म्हणाला, "आत आहे."

शुक्रवारी कपाट उघडलं, फूटपट्टी निघाली.
बाक एकशेवीस सेंटिमीटर.
कुणावर फारशी छाप पडली नाही.
"सेंटिमीटर?" उलुकमानने विचारलं,
"कुणाचे?"

आता भिंतीवर तेवीस हात, बाईंचा धरून चोवीस.
माझा नेमका पाइपाच्या वर.
रोज पहाटे आग धरली की वर्गात एक फेरी मारतो,
गळती बघायला, असं म्हणतो.
घडी सुटत चाललीय उबेने.
काल होती त्यापेक्षा आज
नखभर जास्त.
मी दाबत नाही.